बोटवाला तुकडा

"आजी, तो हात काढा बरं तिथून," काचेमागून पोरगा ओरडला, आणि भीमाबाईला आधी वाटलं की तो दुसऱ्याच कुणाला तरी सांगतोय. पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं. टेबल गार होतं, जरा हललं की पाठीखालचा कागद करकरत होता, आणि तिचे दोन्ही हात छातीवर होते, एकावर एक. तिला ते पक्कं ठाऊक होतं, कारण उताणं झोपवल्यापासून तिच्या मनात एकच चाललं होतं की माणूस गेल्यावर त्याचे हात असेच ठेवतात. "वरच हायेत माजे हात," ती म्हणाली. पोरगा बाहेर आला. त्याच्या शर्टावर नावाचा बिल्ला होता. तिनं अक्षराला अक्षर जोडून वाचलं, जीवन. त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं, कमरेकडे पाहिलं, चादर सारखी केली. "मग मधेच हलला असाल. फोटोत बोट आलंय तुमचं. परत काढू. आता अजिबात हलायचं नाही, काय?" तो आत गेला. यंत्र घुमलं. भीमाबाईनं श्वास धरला, बोटांत बोटं अडकवली, इतकी घट्ट की नखं रुतली. मग तो पोरगा कुणाला तरी हळू आवाजात म्हणाला, "सर, जरा येता का? ह्यात पण आहे."

बाहेरच्या बाकावर बसली तेव्हा तिची कंबर ठणकत होती, पण मन कमरेपाशी नव्हतं. सकाळी सुकापूरला, ते राहतात त्या इमारतीच्या खालच्या ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला होता, उजवा कुल्ला आपटला होता आणि तिचा मुलगा भावेश तिला गाडीत घालून इथं पनवेलला घेऊन आला होता, एवढीच गोष्ट होती. पडलं, लागलं, फोटो काढला. म्हातारपणी पडतंच माणूस. पण "बोट आलंय तुमचं" हे शब्द तिच्या अंगात, जुन्या घराची किल्ली अजून त्याच कुलपात फिरावी, तसे शिरले होते. ते तिनं ह्याच गावात, बाजारपेठेतल्या एका वरच्या मजल्याच्या खोलीत ऐकले होते. तेव्हा ती बत्तीसची होती. मिठागराच्या बांधावरून मिठाची पाटी डोक्यावर घेऊन येताना ती चिखलात घसरली होती आणि काशिराम, तिचा नवरा, तिला टेम्पोत घालून घेऊन आला होता. फोटोवाल्यानं ओली फिल्म चिमट्यानं धरून दिव्यासमोर केली आणि तोंड वाकडं केलं. "बाई, बोट मध्ये आलं की! सांगितलं होतं ना, हात छातीवर ठेवा म्हणून?" ती म्हणाली होती, ठेवले व्हते. दुसरा फोटो काढणार तेवढ्यात वीज गेली. उद्या या, म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती लंगडत का होईना चालायला लागली होती, मिठाचा हंगाम ऐन भरात होता, पाऊस यायच्या आत आगर रिकामं करायचं होतं. कुणी गेलं नाही. खराब फोटो घरी आला आणि त्याबरोबर एक म्हण घरी आली. दूध उतू गेलं, काशिराम म्हणायचा, "भीमीचा बोट मधी आला." एसटी चुकली, भीमीचा बोट. मुलीची, निशाची, एक सोयरीक मोडली, तेव्हासुद्धा सासू सुस्कारा टाकून तेच म्हणाली. माणूस वाईट नव्हता काशिराम. हसायचा आणि म्हणायचा. पण एक गोष्ट शंभरदा हसून सांगितली की ती खरी होऊन बसते. पहिलं वर्षभर भीमाबाई भांडायची, की माझे हात वरच होते. मग भांडायचं सोडलं. मग कधीतरी, कधी ते तिला आठवत नव्हतं, तिलाच दिसायला लागलं की आपला उजवा हात हळूच छातीवरून घसरतोय, कमरेकडे जातोय. पुढं तर स्वतःच्या हातून काही सांडलं की तीच म्हणायची, आला माझा बोट मधी.

हाडांचे डॉक्टर तरुण होते. बोलताना ते भीमाबाईकडे न बघता भावेशकडे बघत होते. खुबा मोडलेला नाही, ही चांगली गोष्ट. पण खुब्याजवळ एक वाढीव हाड दिसतंय. हात बाजूला करून तीनदा फोटो काढला, तिन्हीत आहे. "जुन्या माराचं असू शकेल. किंवा नवीन काही वाढत असेल. गाठ नसेलच, असं मी आज सांगू शकत नाही. सोमवारी मुंबईला जा, चिठ्ठी देतो. एक तुकडा काढून तपासून घेऊ."

तुकडा. तिच्या कानात पुढचं काही गेलं नाही. काशिरामच्या गालातला तुकडा श्रावणात तपासायला काढला होता आणि दिवाळीचा आकाशकंदील त्या घराला लागला नव्हता. तुकड्यानं तो गेला नाही, रोगानं गेला, एवढं तिला कळत होतं. कळणं एक आणि अंगावर काटा येणं एक. त्या शब्दापाठोपाठ तिला एका खाटेची कड दिसत होती, तोंडाला लावलेला गमछा दिसत होता, आणि ज्याचं हसणं चार शेतं ओलांडून ऐकू जायचं त्या माणसाचं शेवटचे दोन महिने पाटीवर खडूनं लिहिलेलं बोलणं दिसत होतं. त्याच्यासाठीच ती अक्षरं शिकली होती, पंचावन्नाव्या वर्षी, निशाकडून. बाराखडी पुरी व्हायच्या आत त्याचं लिहिणं थांबलं. त्यानं शेवटी पाटीवर काय लिहिलं होतं ते तिला तेव्हा वाचता आलं नाही, आणि जेव्हा वाचता यायला लागलं तेव्हा पाटी कुणीतरी पुसून टाकली होती.

शुक्रवारची दुपार तिनं भावेशच्या घराच्या गॅलरीत काढली. सातवा मजला. खाली जिथं कधी भाताची खाचरं होती तिथं आता निळ्या पत्र्याच्या कुंपणाआड खड्डे होते आणि त्यांतून लोखंडी सळ्या वर आल्या होत्या. दूर कर्नाळ्याचा सुळका धुरकट दिसत होता. मिठागरावर असताना बायका त्याच्याकडे बघून वेळ सांगायच्या. सावली अमुक बाजूला गेली की भाकरी सोडायची. डोंगराच्या डोक्यावर तो एक वाढीव दगड कशाला, असं कधी कुणी विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. तो होता. सून समीक्षा चहा ठेवून गेली, जाताना खांद्यावर हात ठेवून गेली, आणि तो हात उचलल्यावरही भीमाबाईला खांद्यावर त्याचं वजन जाणवत राहिलं. आजारी माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा तो होता. कालपर्यंत ही पोरगी तिच्याशी टीव्हीच्या रिमोटवरून भांडत होती.

ती डाव्या कुशीवर झाली आणि उजव्या हातानं कमरेच्या खाली, मांडीच्या मुळापाशी चाचपायला लागली. वरची कातडी निळी पडली होती, दुखत होती. तरी तिनं आत दाबलं. आणि आत, मांसाच्या पार खाली, एक टोक बोटाला लागलं. तिला धक्का बसायला हवा होता. पण बसला नाही, ह्याचाच तिला धक्का बसला. हे टोक तिच्या ओळखीचं होतं. ती फार काळ उजव्या कुशीवर निजली की ते टोचायचं. तिला वाटायचं गोधडीची गाठ आली, सारवलेल्या जमिनीत खडा राहिला. गोधड्या बदलल्या, जमिनी बदलल्या, खडा तिथंच राहिला. लहानपणी आई न्हाऊ घालताना तिथं घासायची तेव्हा ती अंग चोरायची. सगळ्यांच्याच अंगात तिथं असं काहीतरी असतं, असं ती धरून चालली होती. विचारणार कुणाला? बाई बाईला आपल्या कुल्ल्यातलं हाड दाखवून तुझं कसं आहे म्हणून विचारत नाही. आणि मुलं. भावेश लहानपणी डाव्या कडेवर घेतला की रडायचा, उजव्या कडेवर तोच पोरगा बसल्या जागी झोपायचा. सासू हसायची, "हिच्या कमरेला खुंटी हाय. पोर टांगायचा आन् कामाला लागायचा." खुंटी. पोरांना दोन-दोन वर्षं कडेवर घेतलेल्या त्या शेवाळलेल्या वाटा, विहीर ते घर, घर ते बांध, आणि त्या सगळ्या वाटांवर कमरेतलं ते एक टोक, मुलाच्या मांडीखाली, घोड्याच्या रिकिबीसारखं.

मग हळूहळू, भांड्याच्या तळाशी बसलेली साखर ढवळल्यावर वर यावी तसा, एक विचार वर यायला लागला. तो येतोय हे तिला कळत होतं, पण त्याला हाक मारायची तिची हिंमत होत नव्हती. खुंटी भावेशच्या आधीची. टोक आईच्या न्हाणीघरातलं. आणि फोटोतलं बोट तीस वर्षांपूर्वीचं. काल ह्या पोरानं सांगितलं हात काढा, तेव्हा हात छातीवर होते, त्यानं स्वतः येऊन बघितले. तीन फोटोंत तीनदा बोट आलं. मग त्या वेळी.

ती उठून बसली. कमरेतून कळ गेली, तरी बसली. मग त्या वेळीसुद्धा.

"माजे हात तवा पन वरच व्हते," ती मोठ्यानं म्हणाली. स्वयंपाकघरातून समीक्षानं विचारलं, "काय आई? काही हवंय का?" तिला काही नको होतं. तिला तो फोटो हवा होता.

तो फोटो कुठं गेला हे तिला चांगलं ठाऊक होतं, निम्मा तरी. ती पडली त्याच वर्षी दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्याला ग्रहण लागलं होतं. अंगणात रांगोळी, चकल्यांचे डबे झाकून त्यांवर तुळशीची पानं, सासू देवासमोर जप करत बसलेली. शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं की एक्सरेच्या फिल्ममधून सूर्य बघता येतो, आणि सगळ्या आळीत एक्सरे होता फक्त भीमाबाईच्या घरी. खराब झालेला असला तरी काळा होता ना. काशिरामनं कात्री आणली, फिल्मचे मधोमध दोन तुकडे केले, एक भावेशला, एक निशाला. मग भांडण. कारण एका तुकड्यात नुसताच खुबा होता आणि दुसऱ्यात खुब्याशेजारी बोट. दोघांनाही बोटवाला हवा होता. काशिरामनं न्याय केला, धाकटीला बोट. सगळी आळी त्या अंगणात आली. पोरं एकेक करून फिल्म डोळ्याला लावायची आणि ओरडायची. काशिरामनं स्वतः लावली, मान वर केली, आणि त्याच्या त्या चार शेतं ओलांडणाऱ्या आवाजात म्हणाला, "गो भीमे, ये बग! देवाला ग्रहन लागलाय तवा पन तुजा बोट मधी!" सगळे हसले. ती दारातच उभी होती, तिनं बघितलं नाही. रागानं म्हणा, भीतीनं म्हणा. सगळ्या आळीनं तिच्या हाडांतून सूर्य बघितला, एकट्या तिनं नाही.

संध्याकाळी भावेश फरशीचं दुकान बंद करून आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो दमला होता. मोज्याला हात घालून तसाच बसून राहिला. "आये, तो फोटो खराब झालेला. बाबा नाय का बोलायचा, तुझं बोट..."

"बोट नाय तो. हार हाय." तिला हाड म्हणायचं होतं, तिच्या तोंडी ड चा र व्हायचा.

"तीस वर्षांपूर्वीचं तुला काय आठवतंय? मी तर दुसरीत होतो. मी बघितलंय ना त्यातून. बोटच होतं."

"बोटाला नख दिसलं व्हता काय रं तुला? त्या बोटाला हात दिसला व्हता? हाताला मनगट?"

भावेश म्हणाला, "एक्सरेत नख दिसत नाही आये." मोजा अर्धा काढून तो तिच्याकडे बघत राहिला, आणि भीमाबाईला त्या चाळिशीला आलेल्या माणसात बोटवाला तुकडा न मिळालेला मुलगा दिसला. "सोमवार कॅन्सल करायचा नाय," तो शेवटी म्हणाला. "बाबाच्या टायमाला मी पण असाच बोललो होतो, बघू, जाऊ दे, पुढच्या आठवड्यात. मी रिस्क नाय घेणार." हे त्यानं आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस पातळ झाले होते. "नको कॅन्सल करू," ती म्हणाली. "निशाला फोन लाव फक्त."

निशा उरणला, सासरी. फोनवर आधी कुकरची शिट्टी आली, मग ती. "अगो आये, हाय ना! माझ्या पेटीत हाय. मागं एकोणीसच्या डिसेंबरात ग्रहण होतं तेव्हा पोरांना त्यातनंच दाखवलं मी. मनस्वी विचारते, मम्मी हे कुणाचं बोट? मी बोलले, तुझ्या आजीचं, तिला धीर नव्हता." आणि हसली. मग आईकडून काही हसू येईना तेव्हा थांबली. "काय झालं आये?"

शनिवारी दहाच्या सुमाराला ती आली. जुन्या कॅलेंडरच्या दोन पानांत तो तुकडा होता, बाजूनं दोऱ्यानं बांधलेला. ती, भावेश आणि भीमाबाई, तिघं त्या एक्सरेच्या ठिकाणी गेली, आणि ह्या वेळी भीमाबाईनं हट्ट धरला की फोटो वाचणाऱ्या मोठ्या डॉक्टरबाईंनाच भेटायचं. त्या आतल्या अंधाऱ्या खोलीत दोन पडद्यांसमोर बसल्या होत्या. केस पांढरे, चष्मा कपाळावर. भीमाबाईची फाइल उघडून त्या म्हणाल्या, "हो, मी कालच बघितला हा. मीच विचारणार होते, जुना एखादा फोटो..." आणि कॅलेंडरची पानं बघून थांबल्या.

भीमाबाईनं स्वतः दोरा सोडला. फिल्म कडेला पिवळी पडली होती, ओरखडे होते, एका कोपऱ्यात कुणा लहान मुलाच्या बोटांचे ठसे. दुसऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईनं काहीतरी लिहिलं होतं. त्या वेळी भीमाबाईला ते पांढऱ्या मुंग्यांसारखं दिसलं होतं. आता तिनं बोट ठेवून वाचलं. "भी-मा-बाई का. सतरा, चार, पंच्याण्णव." नाव तिचंच होतं, पुढचा का काशिरामचा. तीस वर्षं ते तिथं तिची वाट बघत होतं.

डॉक्टरबाई उठल्या, खिडकीचा पडदा सरकवला आणि फिल्म उन्हासमोर धरली. मग पडद्याकडे बघितलं. परत फिल्मकडे. चष्मा खाली घेतला. भावेशच्या खिशात फोन थरथरत होता आणि तो उचलत नव्हता. मग डॉक्टरबाईंच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला, बाजारात खूप वर्षांनी ओळखीचं माणूस दिसल्यावर निघतो तसा.

"इकडे या आजी. हे बघा. हे बूड, इथं हाडाशी सांधा आहे, बोटाच्या पेरासारखा. कड किती गुळगुळीत आहे बघा. वाईट वाढ अशी नसते, ती हाड कुरतडते. पण मला खात्री नव्हती, कारण नुसत्या ह्या नव्या फोटोवरून ते कधीचं आहे ते कळत नाही. आणि हा तुमचा जुना. तेच पेर, तीच लांबी, तोच वाक. तीस वर्षांत काडीचा फरक नाही." त्या वळल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "हे जन्मापासूनचं आहे. आईच्या पोटात हाडं घडताना एक बरगडी वाट चुकली म्हणा. फार थोड्या लोकांत असतं. मी पुस्तकात बघितलं होतं, प्रत्यक्षात आज पहिल्यांदा. ह्याला पेल्विक डिजिट म्हणतात."

"म्हंजे काय?"

"म्हणजे..." डॉक्टरबाईंना हसू आलं. "म्हणजे कमरेतलं बोट."

"बोटच?" निशा म्हणाली.

"बोटच."

भावेश भिंतीला टेकला होता. "मग काढायचं का ते? तो तुकडा... सोमवारी..."

"काही काढायचं नाही. सुईसुद्धा लावायची नाही. मी तुमच्या डॉक्टरांना आत्ता फोन करते. आजी, त्रास होतो का त्याचा?"

"नाय," भीमाबाई म्हणाली. "पोर बसवायला बरा परतो."

डॉक्टरबाई फिल्म परत देताना थबकल्या. ठशांकडे बघून म्हणाल्या, "पण हे मधोमध कापलं कुणी? आणि का?" निशानं ग्रहणाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "ह्यातून सूर्य बघितला? सगळ्या आळीनं? अहो, डोळे जातात असल्यानं! पुन्हा नाही हं." आणि मग, न राहवून, "पण फेकला असता तर आज माझ्याकडे काय होतं? खराब समजून ठेवलात म्हणून राहिला."

खिडकीत ऊन होतं. भीमाबाईनं फिल्म हातात घेतली आणि बाहेरच्या नुसत्या उजेडासमोर धरली, सूर्याकडे नाही. काळ्यात पांढरं, खुब्याच्या कडेनं वर आलेलं, किंचित वाकलेलं, कुणीतरी आतून दार वाजवावं तसं. सगळ्या आळीनं बघून झाल्यावर, तीस वर्षांनी, ते तिनं बघितलं. चांगलं होतं. तिच्या आईचं बोट असंच होतं, करंगळीशेजारचं, जरासं वाकडं.

खाली जिन्यात जीवन भेटला. हातात कुणाची तरी फाइल होती. "काय आजी, हात हलवला नव्हता म्हणजे!" तो म्हणाला.

"मी सांगत व्हते तुला."

"सॉरी आजी."

हा शब्द खरं तर दुसऱ्या कुणाकडून यायचा होता, पण आला होता. कुणाच्या का तोंडून होईना. गाडीत भावेशनं चावी फिरवली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. निशा मागून म्हणाली, "ए दादा, रडतोस काय? तुला तुकडा मिळाला नाय म्हणून?" आणि तो रडता रडता हसला, तसाच, बापासारखा, चार शेतं ओलांडेल असा. पुढच्या गाडीवाल्यानं वळून बघितलं.

घरी आल्यावर भीमाबाई काशिरामच्या तसबिरीसमोर थोडी थांबली. म्हणण्यासारखं बरंच होतं. त्यानं पाटीवर शेवटी काय लिहिलं ते तिला आजही माहीत नव्हतं, आणि हे तर त्याला वाचून दाखवायला हवं होतं, नाव, तारीख, सगळं. "छातीवरच व्हते," तिनं एवढंच सांगितलं. मग दुपारची जेवणं झाली, समीक्षानं रिमोट कुठं ठेवला म्हणून विचारलं, भीमाबाईनं माहीत नाही म्हणून सांगितलं, जरी तो तिच्याच उशीखाली होता. ती आडवी झाली. उताणी पडून तिनं दोन्ही हात छातीवर ठेवून बघितले, एकावर एक, क्षणभर. मग ते काढले, आणि सावकाश, दुखऱ्या अंगाला सांभाळत, उजव्या कुशीवर वळली. ते टोक लागलं. ती तशीच त्यावर निजली.